नवा अर्हू घेतलाय? वाद्य बदलण्याआधी या चुका टाळा

अर्हू म्हणजे गजाने वाजवायचं दोन तारांचं चिनी वाद्य. नवा अर्हू घरी आला की पहिले काही आठवडे तो घोगरा बोलतो, मध्येच किंचाळतो, आणि शिकणारा हिरमुसतो. आपला हात वाईट नाहीतर वाद्य वाईट, असं त्याला वाटायला लागतं. मलाही वाटलं होतं. सिंगापूरला राहायला आल्यावर मी शिकायला सुरुवात केली आणि महिन्याभरात अर्हू दुकानात परत करायला निघाले. आमच्या लाओशींनी (चिनीत शिक्षकांना असंच म्हणतात) तो मांडीवर घेतला, घोडीखाली (घोडी म्हणजे तारांना कातड्यावर उचलून धरणारा छोटा लाकडी तुकडा) कोंबलेला जाड स्पंज काढला आणि फेल्टची बारीक घडी बसवली. मग घोडी तांदळाच्या दाण्याएवढी सरकवली आणि गज माझ्याच हातात दिला. हात तोच होता, गज तोच होता, पण आवाज मोकळा झाला. म्हणून नवशिक्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की वाद्याला दोष देण्याआधी घोडी आणि तिच्याखालची घडी बघा.

निवडतानाच्या चुकांपासून सुरुवात करू. पहिली चूक म्हणजे लाकडावर भाळणं. सगळ्यात महाग अर्हू झितान लाकडाचे म्हणून विकले जातात. झितान म्हणजे आपलं रक्तचंदन, आंध्रातल्या शेषाचलमच्या डोंगरांत वाढणारं. लाकूड देखणं आणि जड असतं, पण नवशिक्याच्या हातात त्याचं चीज होत नाही. तुमचा आवाज आधी कातड्यावर ठरतो. दांडीच्या तळाशी असलेल्या पोकळ डब्याच्या तोंडावर अजगराचं कातडं मढवलेलं असतं. त्यावरचे खवले मोठे, एकसारखे आणि मधल्या भागात सरळ रांगेत असावेत. बोटाने हलकी टिचकी मारली की ढोलकीसारखा भरीव नाद यावा. पचकन आवाज आला तर कातडं सैल आहे, आणि सैल कातडं पुढे आणखीच बसत जातं. फार ताणलेलं कातडं मुरायला वर्ष वर्ष घेतं, त्यामुळे पहिल्या वाद्याला मध्यम ताण बरा. दांडी डोळ्यापुढे धरून सुतार फळी बघतो तशी बघा. ती सरळच हवी. शक्यतो जाणत्या माणसाला सोबत न्या आणि त्याला वाजवायला लावून तुम्ही चार पावलं लांबून ऐका, कारण वाजवणाऱ्याच्या कानाशी येणारा आवाज फसवतो.

अजगराच्या कातड्याची आणखी एक बाजू आहे. हे अजगर साइट्स या, वन्यजीवांच्या व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, त्यामुळे असं वाद्य एका देशातून दुसऱ्या देशात नेताना परवान्याचे कागद लागू शकतात. सुट्टीला पुण्याला येताना सामानात टाकून आणू, असं गृहीत धरू नका. आधी दोन्ही देशांचे नियम बघा. ज्यांना सारखा प्रवास आहे त्यांनी कृत्रिम पडद्याचा अर्हू घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. हाँगकाँग चायनीज ऑर्केस्ट्राने पॉलिएस्टरचा पडदा लावलेली हूछिन (अर्हूच्या कुळातली) वाद्यं तयार करून आपल्या मंचावर आणली आहेत, तेव्हा हा पर्याय कमअस्सल समजायचं कारण नाही. दमट हवेतही असा पडदा फारसा हलत नाही.

आता सूर लावणं. ‘अर’ म्हणजे दोन, आणि तारा दोनच. आतली डी, बाहेरची ए. पेटीच्या भाषेत मध्य सप्तकातली पांढरी दोन आणि पांढरी सहा, म्हणजे आपला सा आणि पंचम. नवशिके मोबाइलच्या ट्यूनरवर नुसतं ‘डी’ अक्षर बघतात आणि तार एक सप्तक खाली ढिली ठेवतात. दुसरी तऱ्हा म्हणजे वर चढवत जायचं आणि तार तोडून घ्यायची. आकडा बघा: आतली 294 हर्ट्झच्या आसपास, बाहेरची 440. वरची खुंटी आतल्या तारेची, खालची बाहेरच्या. लाकडी खुंटी पिळताना जरा आत दाबत पिळावी, नाहीतर ती घसरून उलटी फिरते. नव्या तारा पहिले काही दिवस सारख्या उतरतात. त्यात बिघाड काही नाही.

दांडीवर दोन्ही तारांना आवळून धरणारा दोऱ्याचा फास असतो, त्याला छ्येनचिन म्हणतात. दुकानातून येताना तो बरेचदा भलत्याच उंचीवर असतो. कोपर डब्यापाशी टेकवून हात दांडीलगत सरळ वर धरा. करंगळीच्या मुळाच्या आसपास फास यावा. तो फार वर असला की बोटं ताणली जातात आणि प्रत्येक स्वर खाली पडतो, मग माणूस कान वाईट म्हणून स्वतःला बोल लावतो.

व्हायोलिन वाजवणारे इथे हमखास एक चूक करतात. तार दांडीला टेकेपर्यंत दाबतात. अर्हूला बोटपट्टीच नाही, तार हवेतच दाबायची. चिनी संगीतकार लिऊ त्येनह्वा (1895–1932) यांनी व्हायोलिनचं तंत्र अभ्यासून अर्हूला एकल वाद्याची प्रतिष्ठा दिली आणि त्यासाठी 47 अभ्यासपाठ लिहिले, पण तारेवरचा हा हलका हात अर्हूचा अर्हूपाशीच राहिला. जोरात दाबलं की स्वर चढतो आणि कातड्यावरही नाहक भार येतो.

गजाचे केस दोन तारांच्या मधून जातात, गज वेगळा काढता येत नाही. आतली तार केसांच्या आतल्या अंगाने वाजते, बाहेरची बाहेरच्या. म्हणून राळ दोन्ही अंगांना लावायची. नव्या गजाला पहिल्या वेळी भरपूर लागते. केसांवर पांढरट भुकटी दिसेपर्यंत घासा, मग रोज दोन-चार हात पुरतात. आतली तार फुसफुसत असेल तर उजव्या हाताची मधली आणि अनामिका केसांना आत ओढत नाहीत, हे ओळखा. आणि गज डब्यावर टेकून आडवा चालवायचा. तो अधांतरी उचलला की दोन्ही तारा एकदम वाजतात.

मुरवण्याबद्दल. नवं कातडं उन्हात ठेवून, ड्रायर मारून किंवा तेल चोळून मुरत नाही. ते वाजवून मुरतं. रोज 15-20 मिनिटं मोकळ्या तारांवर गजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत संथ ओढ, मग खालचे स्वर. वरचे स्वर महिनाभर तरी मागू नका, ते शेवटी खुलतात. ठरावीक एखाद्याच स्वरावर आवाज थरथरून फाटत असेल तर घोडीखालची घडी बदलून बघा, जाड-पातळ करा, घोडी केसभर हलवा. सगळ्याच स्वरांवर आवाज दबलेला असेल तर घडी बहुधा फार जाड आहे. घडीच नसेल तर आवाज उघडा, कर्कश येतो.

वाजवून झाल्यावर घोडी कातड्याच्या मधोमध ताणात सोडू नका. ती वरच्या लाकडी कडेकडे सरकवून ठेवली की कातड्याला रात्रभर आराम मिळतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मध्यभागी, सरळ. गजाचा स्क्रूही ढिला करा. सिंगापूरची बारमाही दमट हवा असो की मुंबईचा जुलै, ओलाव्याने कातडं सैलावतं आणि आवाज बसतो. एसीच्या थेट झोतात ते उलट आक्रसतं, प्रसंगी फाटतं. खोक्यात सिलिका जेलची पुडी ठेवा, पण ती कातड्याला टेकू देऊ नका. खवल्यांवर सांडलेली राळ त्याच दिवशी मऊ कोरड्या कापडाने पुसा, ओल्या फडक्याने कधीच नाही.

आणि तारा बदलायच्या झाल्या तर एका वेळी एकच. दोन्ही एकदम सोडल्या की घोडी निसटून पडते, आणि नेमकी सापडलेली तिची जागा पुन्हा शोधत बसावं लागतं. मी आता तार बदलण्याआधी घोडीच्या दोन पायांजवळ पेन्सिलीचे दोन बारीक ठिपके काढून ठेवते.