कमी बजेटचा गे क्राइम-रोमान्स: लोकांची मतं कशी वाचायची आणि आपलं कसं लिहायचं

आधी माझी फजिती सांगतो म्हणजे पुढचं सगळं कशासाठी लिहितोय ते कळेल. 'स्वून' नावाचा पिक्चर आहे, टॉम केलिनचा, १९९२ चा, ब्लॅक अँड व्हाइट. १९२४ साली शिकागोत लिओपोल्ड आणि लोएब या दोन बड्या घरच्या पोरांनी बॉबी फ्रँक्स या १४ वर्षांच्या मुलाचा खून केला होता, त्याची गोष्ट. दोघांचं आपसात प्रेमप्रकरण. आम्ही दोघं तिघं मित्र बघत बसलो होतो, त्यातला एक लग्नाचे व्हिडिओ शूट करतो, त्याची नजर अशा बाबतीत घारीची. पडद्यावर बटनं दाबायचा फोन आला आणि हा ओरडलाच, "थांब थांब, मागे घे! १९२४ ला बटनांचा फोन? डायल तरी फिरवा की रे!" चूक सापडल्याचा मला इतका आनंद झाला की त्याच रात्री नेटवर पिक्चरबद्दल मत टाकलं, दोन स्टार, 'बजेट नव्हतं मान्य, पण एक जुना फोन मिळत नाही का भाड्याने'. सकाळी खाली कुणीतरी एवढंच लिहिलं होतं: "वॉकमनपण दिसतो, तोपण चुकून आला का?"

मुद्दाम होतं ते. १९२४ ची गोष्ट आजचीच आहे, पेपरवाले आणि कोर्ट तेव्हा समलिंगी माणसाकडे जसं बघत होते तसंच आत्ताही बघतात, हे सांगायला त्याने आजच्या वस्तू तिथे आणून ठेवल्या होत्या. आणि ज्या पिक्चरला मी 'पैसे नाहीत म्हणून बिचारे' म्हणत होतो त्याच्या छायाचित्रणासाठी एलन क्युरासला १९९२ च्या सनडान्स फिल्म फेस्टिव्हलमध्ये बक्षीस मिळालेलं.

तर असल्या पिक्चरवरची मतं वाचताना पहिलं काम म्हणजे आकड्याकडे फार बघू नका. आयएमडीबी या साइटवर प्रेक्षकांनी दिलेल्या मार्कांचा आकडा सरळ सरासरी नसतोच, वेटेड असतो, म्हणजे काही मतांना जास्त वजन, आणि ते वेट कसं लावतात हे ते सांगत नाहीत. रॉटन टोमॅटोज या समीक्षकांची मतं जमवणाऱ्या साइटवरचा टक्का म्हणजे पिक्चर किती चांगला आहे ते नाही, किती समीक्षकांना बरा वाटला ते, म्हणजे सगळ्यांनी 'ठीक आहे' म्हटलं तरी १०० टक्के होऊ शकतात. गे पिक्चरला तर आणखी एक भानगड असते, मतांची दोन टोकं. एका टोकाला ज्यांना दोन पुरुषांनी चुंबन घेतलेलंच चालत नाही ते, एक स्टार देऊन मोकळे, बऱ्याचदा पिक्चर न बघताच. दुसऱ्या टोकाला आपण, म्हणजे मीपण त्यातलाच, आपल्यासारखं कुणीतरी पडद्यावर दिसलं याच उपकारावर दहापैकी दहा. दोन्ही मतं माणसाबद्दल सांगतात, पिक्चरबद्दल फारसं नाही. म्हणून मी सरळ चार ते सातवाले लोक काय म्हणतात ते वाचतो. ज्याने सहा दिलेत त्याला काहीतरी आवडलंय आणि काहीतरी खुपलंय, आणि सहसा तोच नीट कारण देतो.

दुसरं, मत कधी लिहिलंय ते बघा आणि पिक्चर कधीचा आहे ते बघा. इथे जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ग्रेग अराकीचा 'द लिव्हिंग एंड' घ्या, तोही १९९२ चाच. खर्च साधारण २३ हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सहा-सात लाख रुपये. लिहिला त्याने, दिग्दर्शन त्याचं, कॅमेरा त्याचा, एडिटिंग पण त्यानेच केलं. जॉन सिनेमावर लिहून पोट भरणारा, ल्यूक नुसता भटक्या, दोघं एचआयव्ही पॉझिटिव्ह. ल्यूकच्या हातून एक पोलीस मरतो आणि दोघं जॉनची गाडी घेऊन पळतात, बस्स, एवढीच स्टोरी. आता आजच्या पोरांची मतं अशी असतात की हे दोघं एवढे मरायला टेकल्यासारखे का वागतात, गोळ्या घ्या आणि नीट जगा की. अरे बाबांनो, तेव्हा गोळ्या कुठे होत्या? म्हणजे एझेडटी नावाचं एक औषध १९८७ पासून होतं, पण औषधांच्या ज्या कॉम्बिनेशनने माणसं खरंच वाचायला लागली ते १९९६ च्या आसपास आलं. १९९२ मध्ये अमेरिकेत २५ ते ४४ वयाच्या पुरुषांच्या मृत्यूचं पहिल्या नंबरचं कारण एचआयव्ही होतं. त्या वर्षी पॉझिटिव्ह निघालेल्या माणसाने पुढच्या दहा वर्षांचं प्लॅनिंग काय करायचं? हे माहीत नसेल तर ल्यूक नुसता माथेफिरू वाटतो आणि जॉन नुसता बावळट. माहीत असेल तर जॉन घरी परत जाऊ शकत असूनही का जात नाही हे दिसायला लागतं, आणि माझ्या मते त्या पिक्चरमधलं प्रेम तेवढंच आहे, त्याच्या न जाण्यात.

याच पिक्चरवर अजून एक मत हमखास सापडतं, 'बेजबाबदार सिनेमा'. लिहिणाऱ्याला वाटतं आपण काहीतरी पकडलं. सुरुवातीच्या पाटीवर दिग्दर्शकाने स्वतःच लिहिलंय, हा ग्रेग अराकीचा बेजबाबदार सिनेमा आहे म्हणून! आणि शेवटची अर्पणपत्रिका तर व्हाइट हाऊसमधल्यांना शिव्या घालून, एड्सने मेलेल्या लाखो लोकांना वाहिलेली आहे. म्हणजे बेजबाबदारपणा ही तक्रार होऊ शकते, नक्की होऊ शकते, पण मग तो बेजबाबदारपणा कुठे जमला आणि कुठे नुसता आव राहिला ते लिहा. मला विचाराल तर बायकांच्या बाबतीत फसलाय. ल्यूकला सुरुवातीला गाडीत घेणाऱ्या त्या दोन खुनी बायका नुसत्या कार्टून आहेत, आणि जॉनची मैत्रीण डार्सी बिचारी त्याच्या फोनची वाट बघत झुरत असते. ही तक्रार लोकांनी केलीय आणि ती बजेटवर ढकलता येत नाही, कारण बाईला चार बरे डायलॉग लिहायला पैसे लागत नाहीत.

हेच तिसरं आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. गरिबी आणि गबाळेपणा यात फरक करा. १६ एमएमची फिल्म, दाणेदार चित्र, दोनच खोल्या, रस्त्यावर गर्दी नाही, गोळीबार दाखवायच्या ऐवजी नुसता ऐकवलाय, ही गरिबी. ती माफ, किंबहुना चांगला दिग्दर्शक त्यातूनच काहीतरी काढतो. पण पात्र दहा मिनिटांपूर्वी जे बोललं त्याच्या उलट वागतंय आणि कुणाला पत्ताच नाही, पोलीस गोष्टीला हवं तेव्हाच हजर होतात, हाणामारीनंतर लगेच बेडसीन टाकलाय कारण मधलं काही सुचलं नाही, हा गबाळेपणा, त्याला पैसे देऊनही काही झालं नसतं. आवाजाचं मात्र जरा मधलं आहे. माझा तो व्हिडिओवाला मित्र म्हणतो चित्र खराब असलं तर लोक दोन मिनिटात सवय करून घेतात, आवाज खराब असला तर शेवटपर्यंत चिडचिड होते. त्यामुळे मत लिहिताना हेडफोन लावून बघितला का मोबाईलच्या स्पीकरवर ते आधी सांगा. आणि कुठली कॉपी तेपण सांगा, अराकीच्या या पिक्चरची २००८ मध्ये रीमास्टर केलेली प्रत आली, ती बघणारा आणि जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उचललेली बघणारा एकाच चित्राबद्दल बोलतच नाहीत.

आता क्राइम आणि रोमान्स दोन्ही असेल तर एक सोपी चाचणी करा. डोक्यातल्या डोक्यात प्रेम काढून टाका आणि बघा गुन्हा उभा राहतो का. 'स्वून' मध्ये राहत नाही. तिथे सौदाच तो आहे, लोएबला गुन्हा हवाय, लिओपोल्डला लोएब हवाय, एकाची हौस पुरवली की दुसऱ्याची पुरी होणार. प्रेम काढलं की खूनच होत नाही. याउलट कितीतरी पिक्चर असे असतात की तस्करी, बंदूक, पैशाची बॅग सगळं तसंच राहतं, फक्त मध्येमध्ये दोघं शर्ट काढतात. तसं असेल तर सरळ लिहा, भिडेखातर 'केमिस्ट्री छान' असं मोघम लिहू नका.

'गे लोकांना खुनीच का दाखवता' हे मत पण येणारच. हसण्यावारी नेऊ नका. १९९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'बेसिक इन्स्टिंक्ट' च्या शूटिंगवर याच कारणाने लोकांनी निदर्शनं केली होती, बड्या स्टुडिओचा पिक्चर आणि त्यात परत तेच, आपल्यातलीच माणसं खुनी. मग केलिनने वर्षभरात खुनीच का निवडले? तो स्वतः एड्सच्या विरोधात पोस्टर लावत फिरणाऱ्या ग्रॅन फ्युरी गटातला. या केसवर आधी पिक्चर निघाले होते पण दोघांचं नातं कुजबुजीत उरकलेलं, याने ते उघड मांडलं आणि खुन्यांना खुनीच ठेवलं, सहानुभूतीची सूट दिली नाही. तुम्हाला पटो न पटो, पण बाहेरून कुणी भीती घालायला दाखवतो आणि आतला माणूस स्वतःच्या घरातली घाण काढतो, यातला फरक मतात यायला हवा.

लिहितानाच्या बारीक गोष्टी पटापट सांगतो. स्पॉयलरचं, म्हणजे गोष्ट आधीच फोडण्याचं, भान ठेवा, पण अक्कल वापरून. लिओपोल्डचा चष्मा प्रेताजवळ सापडला आणि त्याची बिजागरी इतकी वेगळी होती की शिकागोत तसे तीनच विकले गेले होते, हे १९२४ च्या पेपरात आलंय, ते स्पॉयलर नाही. 'द लिव्हिंग एंड' चा शेवट मात्र कुणाला सांगू नका, मी पण सांगत नाही. 'नट खऱ्या आयुष्यात गे आहे का' याच्या चौकशा मतात घालू नका, अभिनय बघा. स्वतःबद्दल लिहायचं तर जपून, २०१८ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ गेलं पण मामेभावाच्या हातात फोन असतोच, नाव आणि फोटो लावलेल्या खात्यावरून 'हा सीन बघून मला आमची गोष्ट आठवली' लिहायच्या आधी दोन मिनिटं थांबा.

आणि शिव्या देणाऱ्या एक-स्टारवाल्याला फार तर एकदा विचारा, कितव्या मिनिटाला बंद केलास? मी विचारतो. बहुतेक जण उत्तर देत नाहीत, एकाने प्रामाणिकपणे 'ट्रेलर पाहिला' असं लिहिलं होतं.

माझं ते दोन स्टारवालं मत मी काढलं नाही, तसंच ठेवलंय, खाली फक्त 'दुरुस्ती: फोन मुद्दाम होता, चूक माझी' एवढं जोडलं आणि स्टार चार केले. व्हिडिओवाला मित्र अजून मानत नाही, म्हणतो भाड्याने मिळाला नसणार.