आर्डुइनो उनोला पाठवलेला सीरियल डेटा गायब होतोय? या चुका टाळा

उनोच्या, म्हणजे या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डच्या, कोडला हात लावण्याआधी एक चाचणी करा. कॉम्प्युटरवरून 001, 002, 003 असे क्रमांक घातलेल्या ओळी सलग पाठवा आणि उनोला प्रत्येक ओळ तशीच परत पाठवायला लावा. नेमका कुठला तुकडा हरवतोय, यावरून दोष कुठे आहे ते बहुतेक वेळा कळतं.

सुरुवातच गायब. पोर्ट उघडला की डीटीआर (कॉम्प्युटर तयार असल्याचा इशारा देणाऱ्या) लाइनमुळे उनो रीसेट होतो. पुढचा सेकंद-दीड सेकंद बूटलोडर (नवीन प्रोग्राम घेण्यासाठी आधी चालणारा छोटा प्रोग्राम) चालतो, तेवढ्यात आलेलं तुमच्या प्रोग्रामपर्यंत पोचत नाही. पोर्ट एकदाच उघडून उघडाच ठेवा. 2 सेकंद थांबणं चालतं, पण सेटअपच्या शेवटी उनोने 'रेडी' पाठवायचं आणि ते आल्यावरच कॉम्प्युटरने सुरुवात करायची, हे जास्त भरवशाचं.

पहिले 63 बाइट नीट, पुढचे गेले. सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच. उनोचा रिसीव्ह बफर (आलेला डेटा वाचला जाईपर्यंत ठेवण्याची जागा) 64 बाइटचा, त्यातली एक जागा रिकामी राहते. बफर भरला की नवीन येणारा बाइट मुकाट्याने टाकून दिला जातो, एररही दिसत नाही. स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून एका बाइटला 10 बिट लागतात. म्हणजे 9600 बॉडला (सेकंदाला 9600 बिट) सेकंदाला 960 बाइट येतात आणि बफर 66 मिलिसेकंदांत भरतो. 115200 ला जेमतेम साडेपाच मिलिसेकंदांत. अशा वेळी लूपमध्ये एक डिले(100), म्हणजे 100 मिलिसेकंदांचा थांबा, असला तरी डेटा हरवायला पुरे.

बॉड रेट कमी करणं हा खरा इलाज नव्हे. डिले काढून मिलिस() (न थांबता वेळ सांगणारं फंक्शन) वापरा, लूपच्या प्रत्येक फेरीत आलेले सगळे बाइट आपल्या अ‍ॅरेत उचला आणि ओळ संपल्याची खूण आल्यावरच अर्थ लावा. डेटा मोठा असेल तर 32-32 बाइटचे तुकडे करा आणि उनोकडून 'ओके' आल्याशिवाय पुढचा तुकडा सोडू नका. सीएनसी मशीन चालवणारं ग्रबल हे सॉफ्टवेअरही प्रत्येक ओळीला असंच 'ओके' देतं. बफर 256 चा करायचा असेल तर स्केचमधल्या (तुमच्या प्रोग्राममधल्या) डिफाइनने काही होत नाही, कारण कोअर (आर्डुइनोचा मूळ कोड) वेगळा कंपाइल होतो; तो आकडा बिल्ड फ्लॅगमध्येच (कंपायलरला दिलेल्या सेटिंगमध्येच) द्यावा लागतो. उनोची रॅम एकूण 2048 बाइट आहे, हेही लक्षात असू द्या.

मधूनच थोडे बाइट गळतात. इंटरप्ट (आलेला बाइट उचलायला चालू काम क्षणभर थांबवणारी सोय) बंद पडतात का ते पाहा. डब्ल्यूएस2812 या रंगीत एलईडींच्या 60 च्या पट्टीला रंग पाठवताना ते साधारण 1.8 मिलिसेकंद बंद असतात. तेवढ्यात 115200 ला वीसेक बाइट येतात आणि हार्डवेअर त्यातले दोन-तीनच धरून ठेवतं. पट्टी अपडेट झाल्यावरच कॉम्प्युटरला 'ओके' द्या.

अक्षरं येतात, पण भलतीच. दोन्हीकडचा बॉड रेट आणि ग्राउंडची वायर तपासा. सॉफ्टवेअर सीरियल (साध्या पिनांवर कोडने चालवलेलं सीरियल) वापरत असाल तर 38400 च्या वर जाऊ नका.

सीरियल फ्लश करून आलेला डेटा साफ होतो, हा समज आर्डुइनो 1.0 पासून चुकीचा ठरलाय. ते फंक्शन फक्त जाणारा डेटा पूर्ण जाईपर्यंत थांबतं. आलेला साफ करायचा तर बफर रिकामा होईपर्यंत रीड करत राहा.