कादंबरीवर गेम काढतो म्हणाले तर सही करायच्या आधी हे बघा

बाणेर-हिंजवडीकडून एखाद्या व्हिडिओ गेम कंपनीचा फोन येतो, सर तुमच्या कादंबरीवर गेम करायचाय, आणि आपण इतके हुरळतो की वैशालीत कॉफी पिता पिताच सही करून मोकळे. थांबा जरा.

आधी कपाटातून प्रकाशकाबरोबरचा जुना करार काढा. अप्पा बळवंत चौकात बसून केलेल्या करारात 'सर्व हक्क' असं काहीतरी मोघम लिहिलेलं सापडू शकतं, मग गेमचे हक्क द्यायचे कुणी, तुम्ही की त्यांनी? 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलंय की करार करताना जे माध्यम नव्हतंच, ते नाव घेऊन लिहिल्याशिवाय दिलं असं धरत नाहीत, पण व्हिडिओ गेम काय काल आलेत का, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका, गेमचे हक्क लेखकाकडेच आहेत असं प्रकाशकाकडून लेखी घ्या.

आता पैसे. नुसती एकरकमी घेऊ नका. ज्यांच्या कादंबऱ्यांवर 'द विचर' हा गेम निघाला ते पोलंडचे लेखक सापकोव्स्की, त्यांना गेम कंपनी टक्केवारी देत होती, पण गेम काय चालणार म्हणून त्यांनी रोख घेतले. गेम तुफान चालला, 2018 ला त्यांनी वाढीव 6 कोटी झ्लॉटी (पोलंडचं चलन) मागितले आणि 2019 ला नवा करार झाला. तिथल्या कायद्यात मोबदला फारच तुटपुंजा ठरला तर वाढवून मागायची सोय आहे म्हणून मागता तरी आलं.

म्हणून थोडा ॲडव्हान्स आणि वर रॉयल्टी. पण टक्के किती यापेक्षा कशाचे टक्के हे महत्त्वाचं, इथेच सगळे फसतात. समजा जीएसटी सोडून गेम 500 रुपयांना, स्टीमसारखं गेम विकणारं ऑनलाइन स्टोअर त्यातले साधारण 30 टक्के कापतं, उरले 350. 500 वर 5 टक्के म्हणजे 25 रुपये, 350 वर साडेसतरा. इथपर्यंत ठीक. पण करारात नुसतं 'निव्वळ नफा' लिहिलं असेल तर जाहिरात, सर्व्हर, पगार, सगळं वजा होत होत तुमच्या हातात भोपळा! काय काय वजा होणार ते एकेक लिहून घ्या. गेम फुकट असेल तर कमाई आतल्या खरेदीतून आणि जाहिरातींतून होते, त्यावरही टक्के मागा, सिक्वेल आणि टीशर्ट-मग यांचं वेगळं बोला.

दर सहा महिन्यांनी हिशोब आणि गरज पडली तर आपला सीए पाठवून वह्या तपासायचा हक्क, हे मागायला लाजू नका.

मुदत आणि प्रदेशही लिहा. काहीच लिहिलं नसेल तर कायद्याने 5 वर्षं आणि फक्त भारत धरतात, वर्षभरात हक्क वापरलेच नाहीत तर ते परत येतात, पण करारात वेगळं लिहून ही पळवाट बंद करता येते आणि समोरचा ती करतोच, तेव्हा गेम दोन-तीन वर्षांत आला नाही तर हक्क परत, असं स्वतःच घालून घ्या.

आणि वकील कॉपीराइटवाला बघा हो, फ्लॅटची कागदपत्रं करणारे मेव्हणे नकोत.