गाडी रात्री कुठे उभी असते, त्यावरून विमा ठरवा

पॉलिसी संपायला महिना उरला की फोन सुरू होतात. "सर, मागच्या वर्षीपेक्षा दोन हजार कमी करून देतो." कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणारे आपण दोन हजार ऐकून लगेच विरघळतो. ते दोन हजार नेमके कशातून कमी केले, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून फोनवर हो म्हणण्याआधी अर्धा तास काढा आणि पुढची कामं करा.

आधी जुनी पॉलिसी उघडा आणि दोन तारखा शोधा

होय, दोन. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी कार घेताना थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा काढावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, म्हणजे ओन डॅमेज, बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. कोपरखैरण्यात राहणारा माझा आतेभाऊ इथेच फसला. कागदावर तीन वर्षांनंतरची तारीख बघून तो निर्धास्त होता. जून महिन्यात रस्त्याकडेचा गुलमोहर गाडीच्या टपावर आडवा झाला, तेव्हा कळलं की ओन डॅमेज संपून पाच महिने झाले होते. ट्रॅफिक पोलिसाने अडवलं असतं तर कागद चोख होते, झाडापुढे त्यांचा काही उपयोग नव्हता.

थर्ड पार्टी काय देतं

आपल्या गाडीने दुसऱ्याचं जे नुकसान होतं ते, आणि तेवढंच. जीव गेला किंवा कुणी जखमी झालं, तर भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं आणि कंपनीच्या देण्याला त्यात वरची मर्यादा नसते. दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी मर्यादा साडेसात लाख. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे हा विमा सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड, पुन्हा सापडलात तर ४,०००, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे.

याचा हप्ता सरकार ठरवतं, कंपनी नाही. जून २०२२ मध्ये ठरलेले वार्षिक दर असे: हजार सीसीपर्यंत २,०९४ रुपये, पंधराशे सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७, वर जीएसटी. तेव्हा कुणी थर्ड पार्टीत 'खास डिस्काउंट' देतो म्हणाला की फोन ठेवा. त्यासोबत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमाही लागतो. तेवढ्या रकमेचा वेगळा विमा तुमच्याकडे असेल, तर तो दुसऱ्यांदा माथी मारून घेऊ नका.

आता खाली उतरा आणि पार्किंग बघा

माझ्या मते निवडीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि कुठलाही एजंट तो विचारत नाही.

ठाण्यात वंदना टॉकीजच्या आसपास राहणाऱ्यांना पावसाचं गणित पाठ असतं. बेलापूरकरांना त्यात भरतीचं वेळापत्रकही लागतं, कारण खाडीला भरती आणि वरून मुसळधार असं जुळलं की पाण्याला जायला वाट उरत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तो दिवस सोडून द्या. साध्या जुलैतसुद्धा तळघरातल्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी व्हायला दोन तास पुरतात.

पुराने झालेलं नुकसान साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत, म्हणजे आपण ज्याला 'फुल इन्शुरन्स' म्हणतो त्यात, धरलेलं असतं. भिजलेल्या सीट, कार्पेट, वायरिंग यांचा खर्च घसारा वजा करून मिळतो. अडतं ते इंजिनापाशी. आमच्या इमारतीतल्या काकांनी पाणी ओसरल्यावर 'चालू होते का बघू' म्हणून तीन वेळा स्टार्टर मारला. इंजिन हवेसाठी बनवलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनी म्हणते, हे पुराने झालेलं नाही, तुम्ही चावी फिरवल्याने झालेलं पुढचं नुकसान आहे, आणि ते मूळ पॉलिसीत बसत नाही. काकांना इंजिनाचे पैसे मिळाले नाहीत.

म्हणून गाडी तळघरात, स्टिल्टखाली किंवा सखल गल्लीत उभी राहत असेल तर 'इंजिन प्रोटेक्ट' हे ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून इंजिनासाठी घ्यायचं वाढीव संरक्षण, घ्याच, गाडी किती जुनी ते बघू नका. पाचव्या-सहाव्या वर्षी अनेक कंपन्या ते द्यायला कुरकुरतात, तेव्हा देणारी शोधा. ते घेतलं तरी बुडालेली गाडी चालू करून पाहायची नाही. पाण्याची रेषा दिसेल असे फोटो काढा, कंपनीला कळवा आणि गाडी टो करून न्या. टेकडीवरच्या सोसायटीत, चौथ्या मजल्यावरच्या पोडियमवर गाडी ठेवणाऱ्याने मात्र हे पैसे खुशाल वाचवावेत.

झिरो डेप: बंपरचा हिशोब

प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांच्या किमतीतून साध्या पॉलिसीत सरसकट निम्मा घसारा कापतात. काचेवर घसारा नाही. धातूच्या भागांवर तो गाडीच्या वयानुसार वाढत जातो, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. समजा, घोडबंदर रोडच्या रांगेत मागून धक्का बसला आणि १२,००० चा बंपर बदलावा लागला. सहा हजार घसाऱ्यात गेले. वर सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण भरायची ठरलेली रक्कम: पंधराशे सीसीपर्यंत १,००० आणि त्यावरील गाडीला २,०००. म्हणजे छोट्या गाडीलाही सात हजार तुमच्या खिशातून. आजच्या गाडीला बाहेरून प्लास्टिकच जास्त असतं. त्यामुळे पहिली पाच वर्षं झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारं ॲड-ऑन, सोडू नये. वजावट मात्र तेव्हाही भरावीच लागते, 'शंभर टक्के मिळेल' ही एजंटची भाषा.

आयडीव्ही खाली ओढू देऊ नका

आयडीव्ही म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत. फोनवरचे ते दोन हजार बहुधा इथूनच निघालेले असतात. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर हातात येणारी जास्तीत जास्त रक्कम म्हणजे आयडीव्ही. गाडीच्या सध्याच्या यादीतल्या किमतीतून वयाप्रमाणे घट धरतात: एक ते दोन वर्षं २० टक्के, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. दहा लाखांची साडेतीन वर्षांची गाडी असेल तर आकडा सहा लाखांच्या आसपास हवा. कोटेशनमध्ये पाच दिसले, तर स्वस्ताई कुठून आली ते कळलं. नवी गाडी कर्जावर घेतली असेल तर सुरुवातीची तीन वर्षं 'रिटर्न टू इन्व्हॉइस' घ्या, म्हणजे आयडीव्हीऐवजी खरेदीच्या बिलाची रक्कम मिळते. नाहीतर चोरीनंतरही बँकेचे हप्ते आपल्या बोकांडी राहू शकतात.

क्लेम करण्याआधी कागद-पेन्सिल

सलग क्लेम न केल्यास ओन डॅमेजच्या हप्त्यावर नो क्लेम बोनस मिळतो: २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. सवलतीआधी हप्ता १२,००० धरा. पन्नास टक्क्यांवर असलेला माणूस ६,००० भरतो. क्लेम केला की पुढच्या वर्षी पूर्ण बारा हजार, मग ९,६००, ९,०००, ७,८००, ६,६००. पाच वर्षांत १५,००० रुपये जादा गेले. म्हणजे आठ हजारांच्या डेंटिंग-पेंटिंगसाठी क्लेम करणं आतबट्ट्याचं. बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, हेही लक्षात ठेवा. जुनी गाडी विकताना कंपनीकडून बोनसचं पत्र घ्या, नव्या गाडीला तो तीन वर्षांपर्यंत लावता येतो. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर मात्र तो बुडाला. आणि क्लेम केलेला असताना एजंटने फॉर्मवर 'नाही' लिहिलं, तर त्याचा भुर्दंड तुम्हाला.

बाहेरून सीएनजी किट बसवून घेतलं असेल तर ते आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे चढवा. खासगी नंबरची गाडी भाड्याने फिरवत असाल, तर अपघातानंतर स्वतःच्या गाडीचा क्लेम बहुधा नाकारला जाईल.

कंपनी कोणती? मी जाहिराती बघत नाही. आपली गाडी जिथे दुरुस्तीला जाते, तिथल्या बॉडी शॉपच्या माणसाला चहा पाजून विचारतो, कुणाचा सर्व्हेअर वेळेवर येतो आणि कॅशलेसची मंजुरी कुणाची रखडते. रोजचा अनुभव त्याच्याकडे असतो.

क्लेम चुकीच्या कारणाने नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. ठाणे आणि नवी मुंबईसाठी त्यांचं कार्यालय आता ठाण्यातच आहे. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षभरात अर्ज करायचा असतो. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही.