बॉटनिकल गार्डनमध्ये पाटी नंतर वाचा, आधी बेचक्यात बघा

एफवायला (पदवीच्या पहिल्या वर्षाला) बॉटनी घेतली की पहिल्या महिन्यात सर अख्ख्या वर्गाला कॉलेजच्या गार्डनमध्ये नेतात. पुढच्या सात-आठ जणांना ऐकू येतं, मागचे फोटो काढत बसतात. ती फेरी हजेरीपुरती धरा. गार्डन खरी बघायची ती नंतर, दोघातिघांनी मिळून, सकाळी लवकर. सोलापुरात मार्च लागला की दहानंतर तिथं उभं राहून काही सुचत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये तर पारा चाळिशीच्या वर. बहावा नेमका तेव्हाच फुलतो, म्हणून त्या दिवसांत सातला जा. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, पेन्सिल, वही, पाण्याची बाटली, एवढं बास.

आता पाट्यांबद्दल. झाडावर पाटी आहे म्हणजे उत्तर मिळालं असं समजणारे स्पॉटिंगला, म्हणजे नमुना बघून ओळखायच्या परीक्षेत, पहिले आडवे होतात. परीक्षेच्या टेबलावर पाटी नसते, फांदी असते. शिवाय पाट्या जुन्या असतात. बाभळीवर अजून ॲकेशिया निलोटिका लिहिलेलं दिसेल. ॲकेशिया हे नाव 2005 च्या व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसनंतर ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे गेलं आणि आपली बाभूळ वाचेलिया निलोटिका झाली. दोन्ही नावं माहीत ठेवा, जर्नलमध्ये (प्रॅक्टिकलच्या वहीत) सिलॅबसमधलं लिहा. फॅमिलीचंही तसंच. सिलॅबस बेंथम-हूकरच्या जुन्या वर्गीकरणाचा असेल तर आवळा युफोर्बिएसी, एपीजी या नव्या, डीएनएवर आधारलेल्या वर्गीकरणाचा असेल तर फायलँथेसी. एक्स्टर्नलसमोर (बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर) यावरून वाद घालू नका. तुमचं बरोबर असलं तरी नको.

आवळ्याचा विषय निघालाच आहे, तर त्यावर जरा जास्तच बोलतो, कारण माझे मार्क त्यानंच खाल्ले. आवळ्याची डहाळी हातात घेतली की दोन्ही बाजूंना बारीक पानांच्या ओळी दिसतात, हुबेहूब चिंचेसारख्या. कुणीही डोळे झाकून ‘कंपाउंड लीफ’ लिहितो. चिंचेचं ते आहेच कंपाउंड: अख्खी काडी म्हणजे एक पान, बारीक तुकडे म्हणजे लीफलेट. आवळ्याची मात्र ती काडी म्हणजे फांदी आहे, आणि प्रत्येक बारीक तुकडा हे स्वतंत्र, साधं पान आहे. वर ही काडी पानांसकट अख्खी गळून पडते, त्यामुळं पक्की फसगत होते.

ओळखायचं कसं? पान जिथं दांड्याला चिकटतं तिथलं बेचकं बघायचं. कळी, फूल, नवी फांदी येते ती पानाच्या बेचक्यात. लीफलेटच्या बेचक्यात काही येत नाही. आवळ्याची पिवळट-हिरवी बारीक फुलं आणि नंतर फळं त्या बारीक पानांच्या बेचक्यांतच लागतात. म्हणजे ती पानं. चिंचेच्या लीफलेटपाशी कितीही शोधा, काही नाही. कळी सापडेल ती अख्ख्या काडीच्या बुडाशी. आवळ्याला फूल नसेल तर भिंग लावा: प्रत्येक बारीक पानाच्या बुडाशी केसाएवढे दोन स्टिप्यूल (पानाच्या बुडाशी दोन बाजूंना येणारी बारीक उपपर्णं) दिसतात.

हे झाड न तोडता शिकायचं असेल तर नळाशेजारच्या ओलीत भुईआवळा शोधा, तण म्हणून उगवलेला असतोच. त्याची डहाळी उलटी करा. पानांखाली मोहरीएवढी हिरवी फळं ओळीनं लटकलेली असतात, प्रत्येक पानाच्या बेचक्यातून. एकदा ते डोळ्यांनी बघितलं की आवळा आयुष्यात चुकत नाही.

हेच बेचकं काट्यालाही लावा. बोगनवेलीचा काटा पानाच्या बेचक्यातून येतो, म्हणून ती रूप बदललेली फांदी. बाभळीचे पांढरे जोडकाटे पानाच्या बुडाला दोन बाजूंना असतात, म्हणून ते स्टिप्यूल. सिद्धेश्वराला वाहतो ते बेलाचं त्रिदळ म्हणजे तीन पानं नव्हेत, तीन लीफलेटचं एकच पान, आणि बेलाचा काटा त्या पानाच्या बेचक्यात. रांगेत उंच लावलेला ‘अशोक’ म्हणजे पॉलिअल्थिया. नागमोडी कडांचं साधं पान. खऱ्या सीता अशोकाचं पान कंपाउंड असतं, आणि त्याच्या केशरी फुलाला पाकळ्याच नसतात, रंग असतो तो कॅलिक्सचा, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या निदलपुंजाचा.

फोटोवरून झाड ओळखणाऱ्या फोनवरच्या ॲपबद्दल माझं मत वाईट आहे. फूल असेल तर बऱ्याचदा बरोबर सांगतं, नुसत्या पानावर वाटेल ते ठोकून देतं, आणि मुळात ते नाव सांगतं, कारण सांगत नाही. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) कारणच विचारतात. सीनियरचं जर्नल उतरवणं त्याहून वाईट, त्यात त्याच्या सीनियरच्या चुकाही येतात. विचारायचंच असेल तर माळीमामांना विचारा. लॅटिन नाव त्यांना येणार नाही, पण कुठलं झाड कधी फुलतं आणि कुठली पाटी चुकीच्या झाडाला अडकवलीय हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. फक्त आधी नमस्कार, मग प्रश्न. आणि त्यांना न विचारता फांदी मोडलीत तर पुढची तीन वर्षं ते तुम्हाला ओळखतील.

नावं पाठ होत नाहीत म्हणून घाबरू नका, पहिल्या सेमिस्टरला कुणाचीच होत नाहीत. आधी बेचकं, मग पान, मग फूल. नाव मागून येतं. हर्बेरियमला, म्हणजे कागदात दाबून वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाला, घाई नको. रसरशीत पानाचा पेपर रोज बदलला नाही तर आपल्या कोरड्या हवेतही ते काळं पडतं.

गार्डनमधल्या निम्म्या गोष्टी पाण्यावर जगवलेल्या असतात, एवढं लक्षात असू द्या. तरवड, हिवर, बोर आपल्या जागी बघायचे तर नान्नजकडचा माळ बघा. तो माळढोकचा अभयारण्य भाग आहे, तिथलं काही तोडायचं नाही. रुई मात्र कॉलेजच्या कंपाउंडलाच मिळेल. तिचं पान तोडलं की चीक येतो. त्या हातानं डोळे चोळू नका. गेलाच डोळ्यात तर भरपूर पाण्यानं धुवा आणि प्रॅक्टिकल सोडून थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.