गाडीचे ब्रेक ओळखून नवी चाके कशी निवडावीत

अलॉय चाकांच्या दुकानात गेलेला ग्राहक बहुधा आधी डिझाइन पाहतो, मग इंच विचारतो आणि शेवटी किंमत. ब्रेकचा विषय निघतो तो नवे चाक हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या फिरत्या भागावर चाक बसते त्यावर, चढवून हाताने फिरवताच आतून घासल्याचा आवाज आल्यावर. साध्या प्रवासी गाडीच्या बाबतीत हा क्रम सहसा खपून जातो, कारण तिचे ब्रेक लहान असतात आणि चाकाच्या आत भरपूर मोकळी जागा उरते. ज्या गाडीचे ब्रेक कारखान्यातूनच मोठे आले आहेत, किंवा आधीच्या मालकाने हौसेने मोठे करून घेतले आहेत, तिच्यासाठी मात्र चाकाची निवड ब्रेकपासूनच सुरू करावी लागते. कासार बांगडीचे माप मनगटावरून ठरवत नाही, ती हाताच्या ज्या सर्वांत रुंद भागावरून जायची त्यावरून ठरवतो. येथे तो रुंद भाग म्हणजे कॅलिपर, डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणारा ब्रेकचा भाग.

पाहणीसाठी गाडी सपाट आणि कडक जागेवर उभी करावी. गोव्यातील अनेक घरांच्या आवारात तांबडी माती असते आणि पावसाळ्यात तिच्यात जॅक नकळत रुततो, त्यामुळे जॅकखाली जाड फळी घालावी, उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावावी आणि गाडी उचलल्यावर तिचा भार स्टँडवर द्यावा. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीच्या चाकाच्या पोकळीत हात किंवा डोके घालू नये.

चाक काढण्यापूर्वी आऱ्यांमधून आत पाहिले तरी बरेच कळते. आत झाकण लावलेल्या डब्यासारखा बंद गोल दिसला तर तो ड्रम ब्रेक. चकचकीत तबकडी आणि तिच्या कडेवर बसलेला धातूचा ठोकळा दिसला तर ती डिस्क आणि तो कॅलिपर. पुढे डिस्क आणि मागे ड्रम ही जोडी आपल्याकडील बहुसंख्य गाड्यांत असते, तर बलेनो आरएस किंवा आय-२० एन लाइन यांसारख्या गाड्यांत चारही चाकांना डिस्क दिलेल्या आहेत. पुढच्या डिस्कच्या कडेकडे पाहावे: दोन पत्र्यांमध्ये पोकळी आणि तीत पाती दिसली तर ती हवेशीर, म्हणजे व्हेंटिलेटेड डिस्क, कड एकसंध असेल तर ती भरीव. डिस्कवरील छिद्रे आणि खाचा यांतला फरकही ध्यानात घ्यावा. खाचा पॅडच्या, म्हणजे डिस्कवर घासून गाडी थांबवणाऱ्या तुकड्याच्या, पृष्ठभागावरील धूळ आणि पाणी बाहेर काढतात, छिद्रेही पाणी काढतात, परंतु वारंवार खूप तापणाऱ्या डिस्कमध्ये छिद्रांच्या कडेपासून केसासारखे तडे सुरू होण्याचा धोका असतो. चोर्ला घाट उतरून केरीकडे किंवा अनमोड घाट उतरून मोलेकडे वरचेवर येणाऱ्या माणसाने, माझ्या मते, छिद्रांच्या डिस्कचा मोह टाळावा आणि उतारावर खालचा गिअर वापरावा.

खरी ओळख कॅलिपरची आहे आणि ती चाक काढूनच पटते. फ्लोटिंग कॅलिपरचा पिस्टन फक्त आतल्या, म्हणजे इंजिनाकडील बाजूला असतो. ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड ढकलतो आणि संपूर्ण कॅलिपर दोन स्लाइड पिनांवर सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर ओढतो. या पिनांवर रबराची लहान घडीदार टोपणे दिसतात आणि बाहेरच्या बाजूला केवळ एक चापट चौकट असते. फिक्स्ड कॅलिपर जागचा हलत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर पिस्टन असतात आणि त्यांचे उंचवटे बाहेरून मोजता येतात. बाहेर दोन उंचवटे असतील तर एकूण चार पिस्टन, तीन असतील तर सहा. चाकाच्या दृष्टीने हा भेद फार महत्त्वाचा आहे, कारण फिक्स्ड कॅलिपरचे बाहेरचे पिस्टन आऱ्यांच्या दिशेने पुढे आलेले असतात. त्यामुळे डिस्कचा व्यास सारखाच असूनही एका गाडीला जे चाक सहज बसते ते दुसरीच्या कॅलिपरला टेकते.

रंगावरून काहीही ठरवू नये. लाल रंगाची आणि नामवंत कंपनीचे नाव छापलेली झाकणे बाजारात मिळतात, आणि ती साध्या एका पिस्टनच्या कॅलिपरवर चिकटवली की आऱ्यांमधून दिसणारा देखावा मोठा भारी होतो. अशी झाकणे मोजमापापूर्वी काढावीत. माझा सल्ला असा की ती पुन्हा लावूच नयेत, कारण ती उष्णता अडवतात आणि सुटली तर चाकातच अडकतात.

मागच्या बाजूला हँडब्रेकची रचना पाहावी. कॅलिपरला केबल जोडलेली असेल तर हँडब्रेक त्याच कॅलिपरवर चालतो. कॅलिपरच्या पाठीवर लहान मोटर आणि वायर दिसली तर तो इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक आहे, आणि त्याचे पॅड बदलताना स्कॅनरने तो सर्व्हिस स्थितीत नेल्याशिवाय पिस्टन मागे दाबू नये. काही गाड्यांत डिस्कच्या मधल्या टोपीच्या, म्हणजे हबवर बसणाऱ्या फुगीर भागाच्या, आत हँडब्रेकसाठी वेगळा छोटा ड्रम असतो. कार्बन-सिरॅमिक डिस्क क्वचितच दिसतात, पण ओळखायला सोप्या असतात: त्यांचा पृष्ठभाग काळसर, किंचित ठिपकेदार असतो आणि पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीतही त्यांच्यावर गंज चढत नाही. अशा गाडीचे चाक काढताना बोल्टच्या एका भोकात लांब मार्गदर्शक पिन बसवूनच ते सरकवावे, कारण चाकाची कड डिस्कवर आपटली तर तिचा टवका उडू शकतो.

चाक निघालेलेच आहे, तर त्याच बैठकीत ब्रेकची प्रकृतीही तपासून घ्यावी. डिस्कच्या टोपीवर किंवा कडेवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. व्हर्नियरने मोजलेली जाडी त्याच्या जवळ आली असेल तर चाकांचे पैसे आधी डिस्कवर खर्च करावेत. फ्लोटिंग कॅलिपरमध्ये आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजलेला आढळला तर स्लाइड पिन अडकल्या आहेत असे समजावे. कलंगुट, बाणावलीसारख्या किनाऱ्यालगतच्या गावांत खाऱ्या हवेमुळे ही तक्रार नेहमीची आहे. पावसाळ्यात सकाळी डिस्कवर दिसणारा तांबूस थर मात्र पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो आणि त्याची काळजी करण्याचे कारण नाही.

आता मापे. लागणारी मुख्य मापे दोन: हबच्या मध्यापासून कॅलिपरच्या सर्वांत दूरच्या टोकापर्यंतचे अंतर, आणि डिस्कच्या टोपीचा जो सपाट भाग चाकाला टेकतो त्या पातळीपासून कॅलिपर बाहेर किती पुढे आला आहे ते अंतर. दुसऱ्या मापासाठी टोपीवर सरळ पट्टी आडवी धरावी आणि तिच्यापासून मोजावे. या दोन आकड्यांवरून जाड पुठ्ठ्याचा, कॅलिपरच्या आकाराचा साचा कापावा आणि तो दुकानात नेऊन उलट्या ठेवलेल्या चाकात, त्याच्या मध्याभोवती पूर्ण फिरवून पाहावा. मोठे ब्रेक विकणाऱ्या काही कंपन्या असा साचा छापील स्वरूपात देतात. तो छापताना आकार शंभर टक्के ठेवावा आणि पट्टीने पडताळावा. साचा आणि चाक यांत सर्वत्र किमान ३ मिमी अंतर राहिले पाहिजे. बॅलन्सिंगसाठी चाकाच्या आत चिकटवलेली वजने पुष्कळजण विसरतात. त्यांची जाडीही या हिशेबात धरावी, अन्यथा चाक मोकळे फिरते आणि बॅलन्स करून आणल्यावर मात्र कॅलिपरला घासते.

इंचांवर विसंबून हे माप टाळता येत नाही. १७ इंच म्हणजे ४३१.८ मिमी हे खरे असले तरी तो टायर बसण्याच्या जागेचा नाममात्र व्यास आहे. टायर चढवता यावा म्हणून चाकाच्या नळीला आत खोलगट भाग दिलेला असतो, आणि तो कॅलिपरच्या वर येतो की बाजूला जातो हे प्रत्येक डिझाइनमध्ये वेगळे असते.

यानंतर बोल्टची मांडणी आणि तिची पीसीडी, म्हणजे बोल्टची भोके ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. चार भोकांच्या चाकात समोरासमोरच्या भोकांच्या मध्यांतील अंतर थेट मोजावे. पाच भोकांच्या चाकात शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतील अंतराला १.७०१ ने गुणावे. हे अंतर ६५.८ मिमी आले तर पीसीडी ११२, आणि ६७.२ आले तर ११४.३. अबार्थ पुंटोची मांडणी ४×९८ (चार भोके, पीसीडी ९८ मिमी) आहे आणि आपल्या बाजारातील असंख्य चाके ४×१०० ची आहेत. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही आणि बोल्ट जोर लावून आत जातोही, परंतु तो तिरका ताण घेऊन बसतो. पोलोची मांडणी ५×१००, तर ऑक्टाव्हियाची ५×११२; दोघींचे मध्यछिद्र मात्र ५७.१ मिमी. नव्या चाकाचे मध्यछिद्र मोठे असेल तर फरक भरून काढणारी कडी बसवावी, लहान असेल तर चाक परत करावे. बोल्टच्या बैठकीचा आकारही जुळला पाहिजे: फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या मूळ बोल्टची बैठक गोलसर असते, तर बाहेरून घेतलेल्या बहुतेक चाकांना ६० अंशांची शंकूसारखी बैठक लागते. गोल बोल्ट शंकूच्या भोकात केवळ एका रेषेवर टेकतो आणि कालांतराने ढिला पडतो.

ऑफसेट म्हणजे चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर. तो समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. मूळ चाकावर ‘७.५ जे, ईटी ४५’ (रुंदी ७.५ इंच, ऑफसेट ४५ मिमी) असे कोरले आहे आणि नवे ‘८ जे, ईटी ३५’ आहे. रुंदी अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी वाढली. ती दोन्ही बाजूंना ६.३५ मिमी वाटली जाते. ऑफसेट १० ने घटल्यामुळे संपूर्ण चाक १० मिमी बाहेर सरकते. परिणामी बाहेरची कड १६.३५ मिमी बाहेर येते आणि आतली कड सस्पेन्शनपासून ३.६५ मिमी दूर जाते. कॅलिपरला जागा मिळते, पण फेंडरची कमी होते, आणि चार माणसे बसवून गतिरोधकावरून जाताना टायर वरच्या पत्र्याला लागण्याची शक्यता वाढते. हब आणि चाक यांच्यामध्ये पातळ चकती, म्हणजे स्पेसर, घालून जागा करण्याची युक्ती गॅरेजमध्ये सुचवली जाते; ती वापरायचीच असेल तर तितक्याच जास्त लांबीचे बोल्ट घ्यावेत आणि चाकाला मध्यभागी धरणारी हबची कड स्पेसरबाहेर पुरेशी उरते आहे याची खात्री करावी.

टायरचा एकूण व्यास मूळ व्यासाच्या शक्य तितका जवळ ठेवावा. २२५/४५ आर १७ (रुंदी २२५ मिमी, भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के, चाक १७ इंच) चा व्यास ६३४.३ मिमी आणि २२५/४० आर १८ चा ६३७.२ मिमी, म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. स्पीडोमीटर आणि एबीएस यांना तो जाणवत नाही. तथापि पहिल्या टायरची भिंत १०१ मिमी उंच आहे आणि दुसऱ्याची ९० मिमी. पावसाळ्यानंतर गोव्यातील अंतर्गत रस्त्यांवर पडणारे खड्डे पाहता ब्रेकला सामावून घेणारे सर्वांत लहान चाक हीच उत्तम निवड होय, असे मी ठामपणे म्हणेन. फार रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो, हेही त्याच बाजूने बोलणारे कारण आहे.

चाकाच्या पाठीवर भारक्षमता कोरलेली असते. ती गाडीच्या जास्तीत जास्त अॅक्सल (आस) भाराच्या निम्म्यापेक्षा कमी नसावी. भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह किंवा जपानी जेडब्ल्यूएल खूण पाहावी, आणि कसलीच खूण नसलेली स्वस्त नक्कल घेऊ नये. डायमंड कट, म्हणजे चमकता कापीव पृष्ठभाग असलेली चाके येथील हवेत लवकर खराब होतात: लहानसा दगड लागून लॅकर फुटला की खारी ओल आत शिरते आणि पांढऱ्या रेषा पसरत जातात. रंग किंवा पावडर कोटिंग केलेले चाक अधिक टिकते आणि पुन्हा रंगवणेही सोपे जाते. कायद्याच्या बाजूने, मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांना मनाई करते. त्यामुळे उत्पादकाने त्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीसाठी दिलेल्या मापांत राहणे आणि विमा कंपनीला लेखी कळवणे शहाणपणाचे ठरते.

चाक चढवण्यापूर्वी हबवरील गंज तारेच्या ब्रशने काढावा आणि हबच्या कडेवर अँटी-सीझचा (धातू एकमेकांना चिकटू न देणाऱ्या लेपाचा) अगदी पातळ हात फिरवावा; बोल्टच्या आट्यांना मात्र वंगण लावू नये, कारण त्यामुळे टॉर्क (आवळण्याचा जोर) मोजणाऱ्या पान्यावरील आकडा फसवा ठरतो. पुस्तिकेतील टॉर्कने बोल्ट समोरासमोर आवळावेत, स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे आणि पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर टॉर्क पुन्हा तपासावा. डिकीतील सुटे चाकही एकदा पुढच्या हबवर चढवून पाहावे, कारण मोठ्या कॅलिपरवर ते अनेकदा बसत नाही. आणि ते बसले तर त्याच्यासाठी लागणारे जुने, मूळ बैठकीचे बोल्ट पिशवीत बांधून त्याच्याच शेजारी ठेवावेत.