माटुंगा पूर्व : एक वस्ती एका दिवसात कशी पाहावी

मुंबईतील एखादी वस्ती पाहायला निघालेला माणूस बहुधा नावाजलेल्या हॉटेलचा पत्ता विचारून घेतो, तिथे जाऊन रांगेत उभा राहतो, खातो आणि आल्या वाटेने परततो. माटुंग्याच्या वाट्याला असे पाहुणे फार येतात, कारण तिथल्या इडली-डोशाची कीर्ती मोठी आहे. परंतु माटुंग्यातील खाणावळी, देवळे, फुलांची दुकाने, भाजीबाजार आणि कॉफीची पूड दळून देणारी दुकाने एकाच लोकवस्तीच्या गरजेतून उभी राहिली आणि एकमेकांच्या आधाराने टिकली. म्हणून ती एका सलग फेरीत, वस्तीच्या स्वतःच्या वेळापत्रकाप्रमाणे पाहावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ती फेरी कशी आखावी आणि वाटेत काय खावे, काय घ्यावे, कुठे थांबावे, हे पुढे क्रमाने दिले आहे.

निघण्यापूर्वी थोडा इतिहास ठाऊक असलेला बरा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली आणि दाटीवाटीच्या जुन्या शहरात माणसे मोठ्या संख्येने दगावली. त्यानंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर, माटुंगा, वडाळा आणि शीव या भागांत आखीव वसाहतींची योजना हाती घेतली. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, ठिकठिकाणी बागा, इमारतींच्या उंचीवर मर्यादा आणि दोन इमारतींमध्ये हवा खेळेल इतकी मोकळी जागा, असे त्या आखणीचे स्वरूप होते. पुढच्या काही दशकांत येथे तमिळ, मल्याळी, कन्नड आणि तेलुगू भाषक मंडळी राहायला आली. त्यांतील पुष्कळ जण कचेऱ्यांतून कारकून, लघुलेखक आणि हिशेबनीस म्हणून काम करणारे होते, आणि सुरुवातीला बरेचसे एकटेच असत. त्यांच्या जेवणाच्या सोयीसाठी बोर्डिंग निघाली. कुटुंबे आली तशी मुलांच्या शिक्षणाची गरज निर्माण झाली आणि १९३२ मध्ये साऊथ इंडियन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. भजनी मंडळांतून देवळे उभी राहिली, देवळांसाठी फुले आली, पानावरच्या जेवणासाठी केळीची पाने आली. कच्छी आणि गुजराती कुटुंबे याच वस्तीत मोठ्या संख्येने राहिली, आणि शेजारीच दादर पारशी कॉलनी वसली.

मराठी वाचकाने येथील रस्त्यांच्या पाट्या मुद्दाम वाचाव्यात. भाऊ दाजी, तेलंग, भांडारकर आणि चंदावरकर ही एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या विद्वत्तेची आणि सुधारणेची नावे एकमेकांपासून पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर भेटतात. भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या काशिनाथ त्र्यंबक तेलंगांच्या नावाच्या रस्त्यावर सकाळी तमिळमधून भाव विचारला जातो, हे या शहराचे वैभव आहे असे मला मनापासून वाटते.

दिवस आणि वेळ

सोमवार टाळावा. कॅफे मद्रास आणि स्टेशनसमोरील रामा नायक यांचे बोर्डिंग ही दोन महत्त्वाची ठिकाणे त्या दिवशी बंद असतात. रविवारी सगळे उघडे असते, पण नाश्त्यासाठी मुंबईभरातून लोक येत असल्याने थांबावे फार लागते आणि खाणे झाल्यावर क्षणभर टेकणेही अवघड होते. मंगळवार ते शुक्रवार यांपैकी कोणत्याही दिवशी सकाळी सात वाजता माटुंग्यात पाऊल ठेवता आले, तर वस्ती तिच्या रोजच्या रूपात दिसते: देवळातून परतणारे वृद्ध, कॉलेजला निघालेली मुले, भाजीच्या पिशव्या घेऊन आलेल्या गृहिणी.

येण्यासाठी मध्य रेल्वेचे माटुंगा स्टेशन सर्वांत सोयीचे आहे. २०१७ मध्ये या स्टेशनचा सगळा कारभार महिला कर्मचाऱ्यांकडे सोपवण्यात आला, हीही एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांनी माटुंगा रोडला उतरून पादचारी पुलाने पूर्वेला यावे, आणि हार्बरच्या प्रवाशांनी किंग्ज सर्कलला उतरावे. सोबत दोन कापडी पिशव्या आणि थोडी सुटी रोकड असावी. पायांत सहज काढता-घालता येतील अशा चपला असाव्यात, कारण देवळांत त्या वारंवार काढाव्या लागतात.

सकाळचे खाणे

स्टेशनच्या पूर्वेस बाहेर पडल्यावर जवळच, भांडारकर रोडवर, १९३९ पासूनचे राम आश्रय आहे. ते पहाटेच उघडते. येथे दोन जणांत मिळून एक उपमा किंवा रसम-वडा आणि एक अननसाचा शिरा घ्यावा, म्हणजे पोटात पुढच्या फेरीसाठी जागा राहते. पहिल्याच ठिकाणी मसाला डोसा मागवून पोट भरून घेणे हा या फेरीचा निम्मा आनंद गमावण्याचा खात्रीचा मार्ग आहे. दारात उभ्या असलेल्या माणसाला आपण किती जण आहोत ते सांगावे आणि बोलावणे येईपर्यंत बाजूला थांबावे. अनोळखी माणसांबरोबर एकाच टेबलावर बसण्याची येथे पद्धत आहे. त्यात संकोच मानू नये, उलट समोरच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाने काय मागवले आहे ते पाहून आपणही तेच मागवावे. खाणे संपताच उठावे, कारण बाहेर कोणीतरी ताटकळत असते.

किंग्ज सर्कलच्या बाजूला, भाऊ दाजी रोडवरील कॅफे मद्रास हे १९४० चे. नाचणीचा डोसा, पोडी (डाळी-मिरचीची कोरडी चटणी) लावलेली लोण्यातली इडली आणि रसम-इडली यांसाठी ते प्रसिद्ध आहे. त्याच परिसरातील कॅफे मैसूर १९३६ चे. या तीनही ठिकाणांच्या पाककृतींवर उडुपी आणि मंगळूरकडची छाप आहे, त्यामुळे तमिळ घरातल्या सांबारापेक्षा येथील सांबार किंचित गोडसर लागते. हा फरक जिभेवर घेऊन पुढे जावे. एका सकाळी तीनही ठिकाणी जाण्याचा हट्ट धरू नये. दोन पुरेत, आणि त्या दोहोंमध्ये देऊळ व बाजार यांची फेरी असावी.

फुले, देऊळ, भाजी आणि कॉफी

माझ्या मते माटुंग्याचा गाभा हा तासाभराचा भाग आहे. भांडारकर रोडवरील आस्तिक समाजाच्या देवळाला लोक प्रेमाने ‘कोच्चु गुरुवायूर’, म्हणजे धाकटे गुरुवायूर, म्हणतात. देवळाच्या आसपास फुलवाल्यांची दुकाने आहेत. मोगरा, अबोली, मरवा आणि तुळस यांचे घट्ट विणलेले हार येथे जसे मिळतात, तसे मुंबईत इतरत्र क्वचितच मिळतात. कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंतचे अंतर हे एक माप धरून गजरा विकण्याची दाक्षिणात्य रीत आहे, त्यामुळे किती फुले हवीत हे वजनात सांगण्याऐवजी गजरा किती लांब हवा ते सांगावे. सुईदोऱ्याशिवाय, केळीच्या सोपाच्या धाग्याने किंवा साध्या दोऱ्याने गाठी मारत बोटे किती झपाट्याने चालतात, ते घटकाभर उभे राहून अवश्य पाहावे. फोटो काढायचा असल्यास आधी विचारावे आणि काहीतरी विकत घेऊनच विचारावे, एवढे सौजन्य पाळले जावे.

देवळात जाताना पोशाख साधा व अंगभर असावा. गाभाऱ्यासमोर गर्दी असल्यास प्रदक्षिणेचा क्रम इतरांना पाहून पाळावा, आणि आतील छायाचित्रण टाळावे. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत मार्गळी हा तमिळ महिना असतो. त्या काळात पहाटेची भजने आणि पूजा यांमुळे देवळांचा परिसर दिवस उजाडण्यापूर्वीच जागा झालेला असतो. ज्यांना पहाटे उठण्याचा कंटाळा नाही त्यांनी वर्षातील हेच दिवस निवडावेत.

भाजीबाजारात आपल्याकडच्या मंडईत एखाद्याच पाटीत दिसणाऱ्या वस्तू ढिगाने मांडलेल्या दिसतात. कोहळा, पडवळ, सुरण, केळफूल, कच्ची केळी, शेवग्याच्या शेंगा, छोटे सांबार-कांदे आणि केळीची पाने यांवर नजर टाकली की दुपारी पानात काय पडणार आहे याचा अंदाज येतो. पोंगलच्या सुमारास ऊस आणि पानांसकट ओली हळद येते, एप्रिलमध्ये विषू या मल्याळी नववर्षाच्या सणासाठी बहाव्याची पिवळी फुले येतात, आणि नवरात्रात बाहुल्यांची पायऱ्यापायऱ्यांची मांडणी, म्हणजे गोलू, घराघरांत होते. ज्या वस्तू घरी नेऊन खरोखर वापरल्या जातील त्याच घ्याव्यात: अप्पळम (उडदाचे तमिळ पापड), सांडगी मिरची, इडलीसाठीचा उकडा तांदूळ, डोशाबरोबरची पोडी आणि नेंद्रन केळ्यांचे खोबरेल तेलात तळलेले वेफर. वेफर घेताना ते त्याच दिवशी तळलेले आहेत का, हे विचारण्यात कमीपणा नाही.

कॉफीसाठी मैसूर कन्सर्न्ससारख्या जुन्या दुकानाकडे वळावे. भाजलेल्या दाण्यांचा वास दुकानाच्या आधीच पोचतो. येथे गेल्यावर तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: दाणा कोणता हवा, चिकोरी (कॉफीत मिसळायची भाजलेल्या मुळाची पूड) किती हवी, आणि पूड कशासाठी हवी. पीबेरी आणि प्लँटेशन हे बहुधा अरेबिका जातीचे दाणे वासाला चांगले, तर रोबस्टा कडक आणि दाट. ज्यांनी फिल्टर कॉफी घरी कधी केलेली नाही, त्यांनी ऐंशी टक्के कॉफी आणि वीस टक्के चिकोरी या मिश्रणापासून सुरुवात करावी. चिकोरीमुळे रंग आणि दाटपणा येतो, मात्र ती वाढली की कॉफीचा मूळ वास मागे पडतो. एका वेळी दोनशे ग्रॅमपेक्षा अधिक पूड घेऊ नये, कारण दळलेल्या कॉफीचा वास पंधरवड्यात उतरू लागतो. पितळी किंवा स्टीलचा फिल्टर याच बाजारात मिळतो. वरच्या भांड्यात तीन चमचे पूड हलकेच दाबून बसवावी, त्यावर नुकतेच उकळलेले पाणी ओतावे आणि पंधरा-वीस मिनिटे अजिबात हात लावू नये. खाली जमलेला अर्क गरम दुधात मिसळावा, अर्क पुन्हा उकळू नये.

दुपारपर्यंतची चाल

बाजार आटोपल्यावर किंग्ज सर्कलच्या, म्हणजे आजच्या महेश्वरी उद्यानाच्या, दिशेने चालत जावे. उद्यानाभोवतीच्या वर्तुळाकार रस्त्यावर १९३० आणि ४० च्या दशकांतील आर्ट डेको शैलीच्या इमारती आहेत. त्यांच्या गोलाई दिलेल्या गच्च्या, जिन्यावरच्या उभ्या खिडक्या आणि दारांवर कोरलेली इमारतींची नावे पाहण्यासाठी समोरच्या फुटपाथवरून चालावे. याच वर्तुळावर १९३२ पासूनचे कूलर अँड कंपनी हे इराणी हॉटेल आहे. ज्यांना इडली-डोशातून बदल हवा त्यांनी तिथे ब्रून-मस्का आणि चहा घ्यावा. उड्डाणपुलाखालील नानालाल मेहता उद्यानात नर्मदेच्या प्रवाहाच्या आकाराची पायवाट केलेली आहे, तीही जाता जाता पाहून घ्यावी. पुलाखालची जागा लोकांनी आग्रह धरला तर कशी वापरता येते, याचा तो चांगला नमुना आहे.

तिथून दादर पारशी कॉलनीतील पाच बागांपर्यंत दहा-पंधरा मिनिटांची सावलीची वाट आहे. मंचेरजी जोशी यांच्या पुढाकाराने ही कॉलनी वसली. अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नसतो, हे ध्यानात ठेवून बाहेरूनच पुढे जावे.

दुपारच्या जेवणासाठी पुन्हा स्टेशनपाशी यावे. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चे. ते स्टेशनसमोर बाजाराच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. पानावरचे पोटभर जेवण आणि थाळीतले मर्यादित जेवण असे प्रकार असतात. या फेरीच्या शेवटी पानावरचेच घ्यावे. जेवणाची वेळ ठरलेली असल्याने साडेअकरा-बाराच्या सुमारास पोचणे उत्तम. भात आधी सांबाराबरोबर, मग रसमाबरोबर आणि शेवटी ताकाबरोबर, असा क्रम ठेवावा. वाढपी झपझप येतो, तेव्हा नको असलेल्या पदार्थासाठी हात आडवा धरावा, पण पानात काही टाकू नये. सकाळी पाटीत पाहिलेला कोहळा किंवा पडवळ कदाचित येथे भाजीच्या रूपात भेटेल.

संध्याकाळ

ज्यांना संध्याकाळपर्यंत थांबता येईल त्यांनी षण्मुखानंद सभागृहातील कार्यक्रमांची माहिती आधीच काढून ठेवावी. ही संगीतसभा १९५२ मध्ये स्थापन झाली, सभागृह १९६३ मध्ये उभे राहिले, १९९० मध्ये ते आगीत जळाले आणि १९९८ मध्ये पुन्हा सुरू झाले. अडीच हजारांहून अधिक श्रोते बसतील एवढे ते मोठे आहे. कर्नाटक संगीताची ओळख नसलेल्यांनी सुरुवातीला गायनाऐवजी व्हायोलिन किंवा वीणेची मैफल निवडावी, म्हणजे शब्द न कळण्याची अडचण येत नाही. भाऊ दाजी रोडवरील मैसूर असोसिएशनमध्ये कन्नड नाटके व संगीताचे कार्यक्रम होतात, आणि रेल्वेच्या पश्चिमेस असलेल्या यशवंत नाट्य मंदिरात मराठी नाटक पाहता येते.

गणेशोत्सवात आलात तर मात्र वेळापत्रक सगळे बदलते. किंग्ज सर्कलजवळ गौड सारस्वत ब्राह्मण सेवा मंडळाचा पाच दिवसांचा गणपती बसतो. सोन्याच्या दागिन्यांमुळे त्याची चर्चा अधिक होते; पण तिथली पूजाविधींची काटेकोर शिस्त आणि पंगतींतून होणारे अन्नदान हे अधिक पाहण्यासारखे आहे. त्या दिवसांत सकाळी लवकर दर्शन घ्यावे, वाहन आणू नये आणि परतीसाठी किंग्ज सर्कल स्टेशनऐवजी माटुंगा किंवा शीव गाठावे, म्हणजे गर्दीतून लवकर सुटका होते.